ॲपमधल्या रूटवरून बाहेरच्या पत्त्यावर रीडायरेक्ट: योग्य क्रम आणि नेहमीच्या चुका

रिॲक्ट, व्ह्यू किंवा अँग्युलर या जावास्क्रिप्टच्या चौकटींपैकी एकीत बांधलेलं एक ॲप आहे. त्यात ‘/मदत’ नावाचा रूट, म्हणजे ॲपमधला एक पथ, आहे. मदतीची पानं आता वेगळ्या डोमेनवर हलवली आहेत आणि ‘/मदत’ उघडणाऱ्याला आपोआप तिकडे पोचवायचं, म्हणजे रीडायरेक्ट करायचं आहे. काम किरकोळ वाटतं, पण केल्यावर तीनपैकी एक तरी तक्रार येतेच. ॲड्रेस बारमध्ये ‘/मदत/एचटीटीपीएस://…’ असं काहीतरी दिसतं आणि समोर ॲपचंच ‘पान सापडलं नाही’ येतं. किंवा बॅक दाबलं की माणूस पुन्हा बाहेरच्याच साइटवर ढकलला जातो. किंवा डेव्हलपरच्या मशीनवर सगळं ठीक असतं आणि वापरणाऱ्याच्या फोनवर काहीच घडत नाही.

या तिन्हींचं मूळ एकच आहे. एकाच रूटवर लोक दोन वाटांनी येतात. पहिली वाट थेट: कुणी पत्ता टाइप करतं, बुकमार्क उघडतं, एसएमएसमधल्या दुव्यावर टिचकी मारतं. तेव्हा ब्राउझर सर्व्हरला विचारतो. दुसरी वाट ॲपच्या आतून: मेन्यूतल्या दुव्यावर क्लिक केलं की राउटर (कुठल्या पत्त्याला काय दाखवायचं ते ठरवणारा ॲपचा भाग) ते क्लिक मधेच अडवतो, हिस्टरी एपीआय ही ब्राउझरची सोय वापरून पान न बदलता पत्ता बदलतो आणि नवीन कंपोनंट, म्हणजे पडद्याचा नवा भाग, दाखवतो. या वाटेत त्या पानासाठी सर्व्हरकडे विनंती जातच नाही. बहुतेक जण यांतली एकच वाट दुरुस्त करतात, तीच तपासून पाहतात आणि काम झालं असं समजतात. खालचा क्रम दोन्ही वाटा धरून आहे.

फंक्शनांची आणि सेटिंगांची नावं इथे देवनागरीत आहेत.

## टप्पा १: कोड उघडण्याआधी यादी करा

बाहेर न्यायच्या प्रत्येक रूटसाठी एक ओळ लिहा आणि त्या ओळीत या प्रश्नांची उत्तरं भरा:

- बाहेरचा पत्ता सगळ्यांसाठी एकच आहे, की वापरणाऱ्यानुसार किंवा त्याच्या लॉगिननुसार बदलतो?
- हा बदल कायमचा आहे की काही दिवसांपुरता?
- ‘/मदत’ एवढंच न्यायचंय, की ‘/मदत/पासवर्ड’ सारखे उपमार्गही?
- प्रश्नचिन्हानंतरचे पॅरामीटर पुढे न्यायचे आहेत का?
- या रूटकडे येणारे दुवे कुठे कुठे आहेत? ॲपचा मेन्यू, तळपट्टी, पाठवून झालेले ईमेल, छापलेले क्यूआर कोड?

शेवटच्या प्रश्नासाठी अख्ख्या कोडमध्ये ‘/मदत’ शोधा. नावाने केलेलं नेव्हिगेशन, म्हणजे व्ह्यूमधल्यासारखं रूटचं नाव देऊन केलेलं, वेगळं शोधा. पथाचा शोध घेताना ते हाती लागत नाही. भाषांतराच्या फायलींत अडकलेले दुवेही याच वेळी पाहून घ्या.

सावधान: तुमचं ॲप हॅश राउटर वापरत असेल, म्हणजे पत्ता ‘/#/मदत’ असा असेल, तर हॅशनंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. सर्व्हरवर कितीही नियम लिहिले तरी त्यांना ‘/’ एवढंच दिसेल. अशा ॲपसाठी टप्पा ३ आणि ४ सोडा, सगळं काम टप्पा ६ मध्ये होईल.

## टप्पा २: रीडायरेक्ट कुठे राहणार ते ठरवा

पत्ता सगळ्यांसाठी एकच असेल तर रीडायरेक्टचं खरं घर सर्व्हर. याबाबत माझं मत ठाम आहे. जावास्क्रिप्टने रीडायरेक्ट करायचा म्हणजे आधी एचटीएमएल, मग अख्खं बंडल, म्हणजे ॲपचा एकत्र बांधलेला कोड, उतरवायचं, ते चालवायचं आणि एवढं करून माणसाला सांगायचं की तुझं पान इथे नाहीच. गावाकडे मंद नेटवर्कवर बसलेल्या माणसाला त्या काळात नुसता पांढरा पडदा दिसतो. सर्व्हरचं उत्तर मोजक्या बाइटांचं असतं. शोधयंत्रांनाही तेच नीट कळतं. जावास्क्रिप्टचा रीडायरेक्ट गूगल वाचतं खरं, पण त्यासाठी पान रेंडर व्हावं लागतं.

पत्ता वापरणाऱ्यावर अवलंबून असेल आणि ती माहिती फक्त ब्राउझरमधल्या स्टेटमध्ये असेल, तर तो निर्णय राउटरच्या गार्डमध्ये किंवा लोडरमध्ये, म्हणजे रूट उघडण्याआधी चालणाऱ्या कोडमध्ये, घ्या. कंपोनंटच्या आतून रीडायरेक्ट करणं हा शेवटचा पर्याय आहे. लोक नेमकी सुरुवात तिथून करतात.

आणि हे नीट लक्षात घ्या: सर्व्हरवर नियम लिहिला म्हणून आतली वाट सुटत नाही. नेक्स्ट या रिॲक्टवर बांधलेल्या चौकटीच्या जुन्या पेजेस राउटरमध्ये तर कॉन्फिगमधले रीडायरेक्ट ‘लिंक’ किंवा ‘राउटर.पुश’ने केलेल्या नेव्हिगेशनला लागूच होत नाहीत, त्या पथाला लागू पडणारं मिडलवेअर (विनंतीला उत्तर देण्याआधी चालणारा कोड) असल्याशिवाय. तेव्हा टप्पा ३ झाल्यावर ५ आणि ६ करायचेच आहेत.

## टप्पा ३: सर्व्हरचा नियम

कोड निवडा. ३०१ आणि ३०८ कायमचे, ३०२ आणि ३०७ तात्पुरते. ३०१ आणि ३०२ मध्ये ब्राउझर पोस्ट (माहिती पाठवणाऱ्या) विनंतीची गेट (नुसतं पान मागणारी) करू शकतो. ३०७ आणि ३०८ मध्ये पद्धत तीच राहते. नुसतं पान उघडायचं असेल तर या फरकाने काही बिघडत नाही, फॉर्म पुढे जात असेल तर बिघडतं.

सुरुवात नेहमी तात्पुरत्या कोडने करा. ३०१ ब्राउझर स्वतःजवळ साठवतो आणि मुदत दिलेली नसेल तर तो किती काळ ठेवेल याचा भरवसा नाही. चुकीच्या पत्त्यावर ३०१ गेला की तो नियम तुम्ही सर्व्हरवरून काढून टाकलात तरी लोकांच्या ब्राउझरमध्ये शिल्लक राहतो, आणि प्रत्येकाचा कॅशे तुम्ही जाऊन पुसू शकत नाही. काही दिवस ३०२ वर चालवा, खात्री पटली की कायमचा करा.

होस्टिंगचा डिफॉल्ट काय आहे तेही पाहा. नेटलिफायच्या ‘_रीडायरेक्ट्स’ फायलीत कोड लिहिला नाही तर ३०१ धरला जातो. क्लाउडफ्लेअर पेजेसच्या त्याच नावाच्या फायलीत ३०२ धरला जातो. वर्सेल आणि नेक्स्टमध्ये ‘परमनंट’ खरं असेल तर ३०८, खोटं असेल तर ३०७. एका ठिकाणची फाइल दुसरीकडे उचलून नेताना कोड स्पष्ट लिहिणं म्हणूनच गरजेचं.

नियमाची जागा. सिंगल-पेज ॲपमध्ये ‘जे काही येईल त्याला इंडेक्स फाइल द्या’ असा एक सर्वव्यापी नियम असतोच. तुमचा नवा नियम त्याच्या वर हवा. नेटलिफायवर वरून खाली पाहिलं जातं आणि जुळलेला पहिला नियम लागू होतो. फायलीच्या तळाशी घातलेला नियम कधीच चालत नाही आणि चूकही दाखवत नाही. अपाचे या सर्व्हरमध्येही रीराइटचा सर्वव्यापी नियम शेवटी ठेवा. एन्जिनएक्स या सर्व्हरमध्ये ‘/मदत’साठी वेगळा लोकेशन ब्लॉक करून त्यात ‘रिटर्न ३०२’ लिहा. ‘ट्राय_फाइल्स’ असलेल्या ब्लॉकमध्ये अट घुसवू नका.

नेटलिफायवर आणखी एक अडचण येते. त्या पथावर खरी फाइल असेल, उदाहरणार्थ जुन्या बिल्डमधलं आधीच रेंडर केलेलं मदतीचं पान, तर नियमापेक्षा फायलीला मान मिळतो. ती फाइल बिल्डमधून काढा, नाहीतर कोडनंतर उद्गारचिन्ह देऊन नियम सक्तीचा करा.

उपमार्ग. ‘/मदत’, ‘/मदत/’ आणि ‘/मदत/काहीही’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींचं काय करायचं ते लिहून काढा. एन्जिनएक्समध्ये मूळ पथ पुढे जोडायचा असेल तर ‘रिक्वेस्ट_यूआरआय’ हे चल वापरा. नुसतं ‘यूआरआय’ वापरलं तर त्यात डीकोड झालेला मजकूर असतो. तो तसाच लोकेशन हेडरमध्ये (उत्तरातल्या नव्या पत्त्याच्या ओळीत) गेला तर देवनागरी पत्ते मोडतातच, शिवाय कुणी मुद्दाम नवीन ओळीचं चिन्ह घुसवून जादा हेडर जोडू शकतो.

गिटहब पेजेस सारख्या ठिकाणी सर्व्हरचे नियम लिहायची सोयच नाही. तिथे ‘मदत’ नावाच्या फोल्डरात एक छोटं एचटीएमएल ठेवा. त्यात शून्य सेकंदांचा मेटा रिफ्रेश (पान आपोआप दुसरीकडे नेणारा टॅग), नव्या पत्त्याचा कॅनॉनिकल दुवा (शोधयंत्राला खरा पत्ता सांगणारा टॅग) आणि एक साधा दिसणारा दुवा असू द्या. शून्य सेकंदांचा मेटा रिफ्रेश गूगल कायमचा रीडायरेक्ट मानतं.

तपासा: टर्मिनलमध्ये ‘कर्ल’ या आज्ञेला मोठ्या ‘आय’चा पर्याय देऊन पत्ता विचारा. उत्तरात ३०२ आणि लोकेशन हेडरमध्ये नवा पत्ता हवा. २०० दिसलं तर सर्वव्यापी नियम आधी चालतोय. हे लोकल डेव्ह सर्व्हरवर तपासून उपयोग नाही. ‘वीट’ नावाच्या बिल्ड साधनासारखी साधनं अनोळखी पथाला स्वतःच इंडेक्स फाइल देतात, तुमच्या होस्टिंगचे नियम त्यांना माहीत नसतात. प्रीव्ह्यू डिप्लॉय, म्हणजे होस्टिंगवरच चाचणीची प्रत, करा आणि तिथे विचारा.

## टप्पा ४: सर्व्हिस वर्कर आडवा येतोय का

ॲप पीडब्ल्यूए (फोनवर ॲपसारखी बसवता येणारी साइट) असेल तर हा टप्पा चुकवू नका. ‘माझ्याकडे चालतं, त्यांच्याकडे नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हाच असतो. एकदा ॲप उघडलेल्या माणसाच्या ब्राउझरमध्ये सर्व्हिस वर्कर, म्हणजे मागे राहून विनंत्या अडवणारी स्क्रिप्ट, बसलेला असतो आणि तो प्रत्येक नेव्हिगेशनला साठवलेली इंडेक्स फाइल देतो. थेट वाटेने आलेली विनंतीही सर्व्हरपर्यंत पोचत नाही.

वर्कबॉक्स या सर्व्हिस वर्करच्या लायब्ररीत ‘नेव्हिगेट फॉलबॅक डिनायलिस्ट’ नावाचं सेटिंग आहे, त्यात ‘/मदत’शी जुळणारा पॅटर्न घाला. वीटच्या पीडब्ल्यूए प्लगइनमध्ये इंडेक्स फाइलचा फॉलबॅक आपोआप चालू असतो, म्हणून तुम्ही स्वतः काही लिहिलं नसलं तरी पाहा. अँग्युलरमध्ये सर्व्हिस वर्करच्या कॉन्फिगमध्ये ‘नेव्हिगेशन यूआरएल्स’ यादीत उद्गारचिन्हाने सुरू होणारी नोंद करून हा पथ वगळता येतो.

सावधान: नवा वर्कर लगेच ताबा घेत नाही. जुन्याने धरलेले सगळे टॅब बंद होईपर्यंत तो थांबून राहतो, तुम्ही ‘स्किप वेटिंग’ लावलं नसेल तर. तेवढ्या काळात जुना वर्करच उत्तर देणार. एवढ्यासाठी तरी राउटरमध्येही हा रूट पकडलेला हवा.

## टप्पा ५: आतले दुवे बदला

टप्पा १ च्या यादीतले दुवे आता घ्या. पत्ता ठरलेला असेल तर राउटरचा ‘लिंक’ किंवा ‘राउटर-लिंक’ काढून साधा अँकर टॅग लावा आणि त्यात पूर्ण बाहेरचा पत्ता द्या. एवढ्याने आतली वाट बरीचशी सुटते. उजवं क्लिक करून नवीन टॅबमध्ये उघडणं, दुवा कॉपी करणं, स्क्रीन रीडरने ‘दुवा’ म्हणून वाचणं हे सगळं फुकट मिळतं. बटणाला क्लिक हँडलर लावून तेच करायला गेलं की हे सगळं हातचं जातं.

रिॲक्ट राउटरच्या सहाव्या आवृत्तीच्या सुरुवातीच्या प्रकाशनांत ‘लिंक’ला पूर्ण पत्ता दिला तर तो सापेक्ष पथ समजला जाई. पुढे ते सुधारलं. पण ‘यूज नेव्हिगेट’मधून मिळणारं फंक्शन आणि ‘नेव्हिगेट’ कंपोनंट मात्र ॲपच्या आतल्या पथांसाठीच आहेत. त्यांना ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणारा पत्ता दिला की तो चालू पथाच्या शेपटीला चिकटतो. सुरुवातीला सांगितलेला विचित्र पत्ता इथूनच येतो.

दुवा ‘/मदत’ असाच ठेवायचा असेल आणि नियम एकाच जागी, सर्व्हरवर, हवा असेल तर रिॲक्ट राउटरच्या लिंकला ‘रीलोड डॉक्युमेंट’ हा गुणधर्म द्या. मग राउटर ते क्लिक अडवत नाही, ब्राउझर सर्व्हरकडे जातो आणि टप्पा ३ चा नियम चालतो. मला ही पद्धत जास्त आवडते, कारण उद्या मदतीचं डोमेन बदललं तर एकच ओळ बदलावी लागते.

## टप्पा ६: राउटरच्या उंबरठ्यावर पकडा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश वाचा.

बाहेर जाण्यासाठी ब्राउझरकडे दोन पद्धती आहेत. ‘लोकेशन.असाइन’ हिस्टरीत नवी नोंद करतं. ‘लोकेशन.रिप्लेस’ सध्याची नोंद पुसून तिच्या जागी नवी ठेवतं. ‘रीडायरेक्ट आहे ना, मग रिप्लेसच वापरा’ हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. तो अर्धाच बरोबर आहे. कुठलं वापरायचं हे त्या क्षणी हिस्टरीची सध्याची नोंद कोणती आहे यावर ठरतं.

कंपोनंटच्या आत असाल तर. माणूस मुखपृष्ठावर होता, त्याने ‘/मदत’वर क्लिक केलं, राउटरने ‘/मदत’ची नोंद हिस्टरीत टाकली, मग कंपोनंट उभा राहिला आणि त्याने बाहेर पाठवलं. सध्याची नोंद ‘/मदत’ आहे. इथे ‘असाइन’ वापरलं तर हिस्टरी अशी होते: मुखपृष्ठ, ‘/मदत’, बाहेरची साइट. बॅक दाबलं की ‘/मदत’, तिथून लगेच पुन्हा बाहेर. माणूस अडकला. इथे ‘रिप्लेस’च हवं.

गार्ड किंवा लोडरमध्ये असाल तर. व्ह्यूचा ‘बिफोर एंटर’, अँग्युलरचा ‘कॅन ॲक्टिव्हेट’ आणि रिॲक्ट राउटरचा लोडर हे तिन्ही पत्ता बदलण्याच्या आधी चालतात. सध्याची नोंद अजून मुखपृष्ठाचीच आहे. इथे ‘रिप्लेस’ वापरलं तर मुखपृष्ठच पुसलं जातं. बॅक दाबल्यावर माणूस तुमच्या ॲपच्याही मागे, कदाचित गूगलच्या निकालांवर जाऊन पडतो. इथे ‘असाइन’ हवं.

गार्डमध्ये, पण थेट वाटेने आला असेल तर. तेव्हा सध्याची नोंद ‘/मदत’ हीच असते, म्हणजे ‘रिप्लेस’ हवं. व्ह्यू राउटरच्या चौथ्या आवृत्तीत ‘फ्रॉम’ची तुलना ‘स्टार्ट_लोकेशन’शी करून हे ओळखता येतं. अँग्युलरमध्ये राउटरचं ‘नेव्हिगेटेड’ खोटं असेल तर ते पहिलं नेव्हिगेशन आहे.

या तिसऱ्या प्रकारात चूक केली तरी ती कधी दिसते, कधी नाही. पान पूर्ण लोड होण्याआधी, वापरणाऱ्याने काही दाबलेलं नसताना, स्क्रिप्टने ‘असाइन’ केलं तर ब्राउझर ते स्वतःहून ‘रिप्लेस’सारखं धरतो. त्यामुळे एका मशीनवर चूक झाकली जाते, दुसऱ्यावर उघडी पडते. तेव्हा ब्राउझरवर विसंबू नका, स्पष्ट लिहा.

आता प्रत्येक राउटरचं थोडक्यात.

रिॲक्ट राउटर. ६.४ नंतरच्या आवृत्त्यांत लोडरमधून ‘रीडायरेक्ट’ फंक्शनला पूर्ण पत्ता देऊन परत करा. पत्ता दुसऱ्या ओरिजिनचा, म्हणजे दुसऱ्या साइटचा, आहे हे ओळखून राउटर पूर्ण पानाचं नेव्हिगेशन करतो. पण लोडर चालतात ते ‘क्रिएट ब्राउझर राउटर’ने बनवलेल्या राउटरमध्ये. जुन्या ‘ब्राउझर राउटर’ कंपोनंटमध्ये लोडर लिहिला तर तो मुकाट्याने दुर्लक्षिला जातो. तिथे छोटा कंपोनंट करून त्याच्या ‘यूज इफेक्ट’मध्ये ‘लोकेशन.रिप्लेस’ लिहा. रेंडर होताना थेट लिहू नका. सर्व्हरवर रेंडर होणाऱ्या ॲपमध्ये तिथे ‘विंडो’ अस्तित्वातच नसतं आणि पान कोसळतं.

व्ह्यू. रूटच्या ‘रीडायरेक्ट’ पर्यायाला बाहेरचा पत्ता चालत नाही. ‘बिफोर एंटर’मध्ये बाहेर पाठवा आणि लगेच ‘फॉल्स’ परत करा. ‘असाइन’ बोलावलं म्हणून पुढच्या ओळी थांबत नाहीत, आणि ‘फॉल्स’ नसेल तर क्षणभर रिकामं पान चमकतं. रूटला नावापुरता कंपोनंट द्यावा लागतो.

अँग्युलर. ‘रीडायरेक्ट टू’ही आतल्या पथांसाठीच आहे. ‘कॅन ॲक्टिव्हेट’मध्ये पाठवा आणि ‘फॉल्स’ द्या. रूटला कंपोनंट नसेल तर कॉन्फिग चुकीचं असल्याची तक्रार येते, म्हणून ‘चिल्ड्रन’ची रिकामी यादी ठेवा.

तपासा: नवीन टॅब उघडा. एखाद्या तिसऱ्याच साइटवर जा, मग ॲपच्या मुखपृष्ठावर, मग ‘/मदत’वर क्लिक करा. बाहेर पोचल्यावर एकदाच बॅक दाबा. मुखपृष्ठ दिसलं पाहिजे. बाहेरची साइट पुन्हा दिसली तर ‘रिप्लेस’ हवं होतं. तिसरी साइट दिसली तर ‘असाइन’ हवं होतं.

## टप्पा ७: पत्ता बाहेरून येत असेल तर आधी चाळून घ्या

‘/जा?कुठे=…’ सारखा रूट असेल, किंवा लॉगिननंतर परत जायचा पत्ता पॅरामीटरमध्ये येत असेल, तर तुमचं विश्वासाचं डोमेन दुसऱ्याच्या फसवणुकीसाठी वापरलं जाऊ शकतं. दुवा तुमच्या नावाचा दिसतो, माणूस निर्धास्तपणे दाबतो आणि पोचतो खोट्या लॉगिन पानावर. याला ओपन रीडायरेक्ट म्हणतात. सॉफ्टवेअरमधल्या दोषांच्या सीडब्ल्यूई यादीत हा ६०१ क्रमांकाचा दोष आहे. यात नुकसान तुमचं नाही, तुमच्यावर विश्वास ठेवणाऱ्याचं होतं.

सगळ्यात सुरक्षित उपाय म्हणजे पत्ता घ्यायचाच नाही, खूण घ्यायची. पॅरामीटरमध्ये ‘मदत’ किंवा ‘देणगी’ एवढाच शब्द येऊ द्या आणि खरा पत्ता तुमच्या कोडमधल्या तक्त्यातून काढा.

पत्ता घ्यावाच लागला तर मजकुराशी खेळू नका, ‘यूआरएल’ ऑब्जेक्ट बनवा आणि त्याचे भाग तपासा. प्रोटोकॉल ‘एचटीटीपीएस’च हवा, नाहीतर ‘जावास्क्रिप्ट:’ने सुरू होणारा पत्ता तुमच्याच पानात कोड चालवेल. होस्टनेम परवानगीच्या यादीतल्या नावाशी तंतोतंत जुळायला हवं. ‘अमुक नावाने सुरू होतो का’ ही तपासणी पुरत नाही. खऱ्या नावापुढे टिंब देऊन परकं डोमेन जोडता येतं. खरं नाव आधी, मग ॲटचं चिन्ह आणि मग परकं डोमेन असंही लिहिता येतं. ‘/ने सुरू होतो म्हणजे आतलाच’ हेही खोटं आहे. दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारा पत्ता दुसऱ्या डोमेनवर जातो आणि उलटी रेघ ब्राउझर सुलटी धरतो.

सावधान: परवानगीच्या यादीत देवनागरी डोमेन असेल, समजा ‘.भारत’मधलं, तर ‘यूआरएल’चं होस्टनेम ते देवनागरीत परत देत नाही, प्यूनीकोडमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांतल्या रूपात, देतं. यादीतली नावंही त्याच ‘यूआरएल’ ऑब्जेक्टमधून काढून घ्या, मग तुलना करा.

## टप्पा ८: फेचने रीडायरेक्ट होत नाही

लॉगिन किंवा पेमेंटच्या वेळी हमखास होणारी चूक: ‘फेच’ने (पान न बदलता जावास्क्रिप्टमधून विनंती पाठवणाऱ्या फंक्शनने) सर्व्हरला विचारलं, सर्व्हरने ३०२ देऊन बाहेरचा पत्ता दिला आणि पान जागचं हललं नाही, कन्सोलमध्ये सीओआरएसची (एका साइटने दुसरीचं उत्तर वाचायच्या परवानगीच्या नियमांची) लाल ओळ आली. ‘फेच’ला मिळालेला रीडायरेक्ट त्या विनंतीपुरता असतो, पान त्याच्याबरोबर जात नाही. ब्राउझर तो पत्ता आतल्या आत मागायला जातो आणि पलीकडच्या साइटने परवानगी दिलेली नसते. ‘रीडायरेक्ट: मॅन्युअल’ लावूनही पत्ता हाती येत नाही. उत्तराचा स्टेटस शून्य दिसतो आणि हेडर वाचता येत नाहीत. सीओआरएसच्या हेडरांमागे लागू नका, दुखणं तिथे नाही.

दोन उपाय आहेत. सर्व्हरला सांगा की ३०२ ऐवजी २०० देऊन जेसनमध्ये पत्ता पाठव, मग तुम्ही ‘लोकेशन.असाइन’ करा. किंवा ‘फेच’ सोडा आणि वापरणाऱ्याला साध्या दुव्याने सर्व्हरच्या त्या पत्त्यावरच पाठवा. लॉगिनसाठी दुसरा उपाय सोपा.

काही पेमेंट गेटवेंना पोस्ट लागतो. ‘लोकेशन’च्या कुठल्याच पद्धतीने पोस्ट होत नाही. लपलेल्या खान्यांचा फॉर्म बनवून तो सबमिट करा. यूपीआयचा थेट दुवा रूटवरून आपोआप उघडायचा प्रयत्न करू नका. संगणकावर काहीच होणार नाही आणि फोनवरही वापरणाऱ्याने काही दाबल्याशिवाय ब्राउझर तो अडवू शकतो. तिथे बटण दाखवा.

नवीन टॅब हवा असेल तर ‘विंडो.ओपन’ क्लिकच्या हँडलरमध्ये लगेच बोलवा. मधे ‘अवेट’ आला की पॉप-अप म्हणून अडवला जाण्याची भीती असते, सफारीत विशेष.

## टप्पा ९: पॅरामीटर, हॅश आणि देवनागरी

पॅरामीटर हाताने जोडू नका. बाहेरच्या पत्त्यात आधीच प्रश्नचिन्ह असेल तर दुसरं लागतं आणि सगळं बिघडतं. ‘यूआरएल सर्च पॅराम्स’ वापरा. आणि आलेले सगळे पॅरामीटर आंधळेपणाने पुढे ढकलू नका. पासवर्ड बदलायचा टोकन किंवा ईमेल पत्ता दुसऱ्याच्या सर्व्हर लॉगमध्ये जायला नको. जे न्यायचे तेच नावानिशी उचला.

हॅशचं वागणं दोन वाटांवर वेगळं असतं. सर्व्हरच्या रीडायरेक्टमध्ये नव्या पत्त्याला स्वतःचा हॅश नसेल तर ब्राउझर जुना हॅश पुढे नेतो. जावास्क्रिप्टने पाठवलं तर तो आपोआप जात नाही, जोडावा लागतो. अपाचेच्या रीराइटमध्ये नव्या पत्त्यात हॅश असेल तर ‘एनई’ फ्लॅग द्या, नाहीतर त्याचं टक्केवालं रूप होतं.

देवनागरी मजकूर पत्त्यात जाताना त्याचं यूटीएफ-८ मध्ये टक्केवालं रूप होतं. प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट, प्रत्येक बाइटची तीन अक्षरं. ‘पुणे’ या शब्दात चार चिन्हं आहेत, म्हणजे पत्त्यात ३६ अक्षरं. हे रूप एकदाच व्हायला हवं. दोनदा झालं तर टक्क्याच्या चिन्हाचंही रूप होऊन ‘%२५’ दिसू लागतं आणि पलीकडे शोधाच्या खान्यात ‘पुणे’ऐवजी कचरा उमटतो. ‘यूआरएल सर्च पॅराम्स’ स्वतःच एन्कोड करतं, त्याआधी ‘एन्कोड यूआरआय कंपोनंट’ लावू नका. लोकेशन हेडरमध्ये मात्र कच्ची देवनागरी कधीच घालू नका, तिथे ॲस्कीच, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच, हवीत.

## टप्पा १०: निघण्याआधी

अर्धवट भरलेला फॉर्म असेल तर लक्षात घ्या की रिॲक्ट राउटरचा ‘यूज ब्लॉकर’ फक्त ॲपच्या आतलं नेव्हिगेशन थांबवतो. बाहेर जाताना ‘बिफोर अनलोड’च लागतो.

‘बाहेर गेला’ अशी नोंद ॲनालिटिक्सला पाठवायची असेल तर ‘सेंड बीकन’ वापरा किंवा ‘फेच’ला ‘कीप अलाइव्ह’ द्या. नोंद पोचेपर्यंत माणसाला थांबवून ठेवू नका.

‘तुम्हाला पुढे नेत आहोत’ असा पडदा दाखवत असाल तर त्यावर साधा दुवाही ठेवा. बॅक दाबून आलेल्या माणसाला ब्राउझर पान जसंच्या तसं स्मृतीतून उघडून देऊ शकतो. मग तो पडदा फिरत्या चक्रासह तिथेच गोठलेला दिसतो. ‘पेज शो’ इव्हेंट ऐका, त्यात ‘पर्सिस्टेड’ खरं असेल तर पडदा काढा.

## टप्पा ११: शेवटची फेरी

खाजगी विंडोत सुरुवात करा, म्हणजे जुना ३०१ आणि जुना सर्व्हिस वर्कर आड येणार नाहीत. डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क पटलावर ‘प्रिझर्व्ह लॉग’ चालू ठेवा, नाहीतर पान बदलताच पुरावा पुसला जातो.

1. ‘/मदत’ टाइप करून उघडा. नेटवर्क पटलात ३०२ किंवा ३०७ दिसला पाहिजे, बंडल उतरता कामा नये.
2. तेच ‘/मदत/’ आणि एका उपमार्गासाठी.
3. ॲपमधल्या दुव्यावरून जा, एकदा बॅक दाबा.
4. त्याच दुव्यावर कंट्रोल धरून क्लिक करा. नवीन टॅब उघडला पाहिजे आणि जुना जागेवर राहिला पाहिजे.
5. पॅरामीटरमध्ये मराठी शब्द देऊन पलीकडे तो नीट वाचता येतो का पाहा. कर्लने तपासताना पत्ता ॲड्रेस बारमधून कॉपी केलेल्या टक्केवाल्या रूपात द्या.
6. आता साध्या विंडोत, जिथे ॲप आधी उघडलेलं आहे आणि सर्व्हिस वर्कर बसलेला आहे, तिथे पहिली आणि तिसरी तपासणी पुन्हा करा.
7. पॅरामीटरने पत्ता येत असेल तर टप्पा ७ मधले फसवे प्रकार एकेक करून टाकून पाहा. प्रत्येक वेळी माणूस ॲपच्या आतच राहिला पाहिजे.
8. नेटवर्क मंद करून तिसरी तपासणी फोनवर करा.

सगळं जुळलं की काही दिवस सर्व्हर लॉगमध्ये ‘/मदत’वर येणाऱ्या विनंत्या पाहा. तिथे एखादा अनपेक्षित उपमार्ग वारंवार दिसला तर तो टप्पा १ च्या यादीतून सुटलेला दुवा आहे, त्याचा नियम जोडा. त्यानंतरच ३०२ चा ३०१ किंवा ३०७ चा ३०८ करा.